तापीच्या काठची परकी घरे

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुरत शहर डावीकडे टाकून कामरेज या गावापाशी तापी ओलांडतो. आज तेथे मोटारींची रहदारी अखंड चाललेली असते, आणि हे गाव फार जुने आहे याची जाणीव वाटसरूला क्वचितच होते. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरवृत्तान्तात भडोचच्या आखाताजवळील 'कम्मोनी' नावाच्या गावाचा उल्लेख येतो. ते गाव म्हणजेच कामरेज, असे काही अभ्यासकांचे मत आहे. २००३ साली येथे उत्खनन झाले, तेव्हा पश्चिम आशियाशी चालणाऱ्या प्राचीन व्यापाराच्या खुणा मिळाल्या. पुढे हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांकडे आला. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत कामरेज हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक तालुका होता. म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला सुरतेत इंग्रजांचा अंमल होता, तर वरच्या अंगाला कामरेजात मराठी राजघराण्याचा. तापीचा हा काठ परक्यांना नवा नाही. येथे परके आले, राहिले, मेले, आणि काहींनी घरेही थाटली.

प्रस्तुत लेखात आम्ही त्या घरांविषयी लिहीत आहोत. मिशनांचे इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यांत प्रवचने, भाषांतरे, बाप्तिस्मे आणि शाळा यांची हकीकत असते. चूल, पाळणा, आजारपण आणि घरून आलेले पत्र यांना तेथे फारसे स्थान नसते. तथापि मनुष्याचा विश्वास जितका व्यासपीठावर दिसतो तितकाच तो जेवणाच्या पंगतीत दिसतो, आणि कित्येकदा तेथेच तो खऱ्या अर्थाने पारखला जातो. परदेशात राहणाऱ्या ब्रिटिश कुटुंबाचा दिनक्रम कसा होता, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाही. आपल्या मंडळीला त्या घरांकडून नेमके काय मिळाले, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

प्रथम एक अशी वास्तू पाहू, जिला घर म्हणता येईल की नाही याचीच शंका यावी. १६०८ साली विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेस आला, आणि १६१३ च्या सुमारास इंग्रजांची वखार तेथे कायम झाली. या वखारीत व्यापारी एकत्र राहत, एका मेजावर जेवत आणि एका नियमाने वागत. मात्र त्यांत स्त्रिया व मुले नव्हती. १६३८ साली जर्मन प्रवासी मांडेल्स्लो या वखारीत पाहुणा होता. त्याने नोंदविले आहे की, रोज सकाळी व रात्री अशी दोन वेळा आणि रविवारी तीन वेळा उपासना होई. शुक्रवारच्या उपासनेनंतर अध्यक्ष व त्याचे काही आप्त निराळे जमत. इंग्लंडचा किनारा त्यांनी शुक्रवारी सोडला होता, म्हणून त्या वारी मागे राहिलेल्या आपल्या पत्नींची आठवण काढून ते त्यांच्या आरोग्यासाठी पेला उचलीत. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत ही गोष्ट एका ओळीचीही धनी नाही. तरीही सुरतेतील इंग्रजांविषयी याहून अधिक मानवी असे काही आमच्या वाचनात आलेले नाही. आठवड्यातून एक दिवस, समुद्रापलीकडच्या घरासाठी राखून ठेवलेला!

१६८९ साली इंग्लंडहून निघालेला पाद्री ओव्हिंग्टन याच वखारीच्या भोजनाचे वर्णन करतो. इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तीन स्वयंपाकी तेथे नेमलेले होते. पुलाव, कबाब, दमपुख्त कोंबडी आणि आंब्याचे लोणचे मेजावर येई, आणि ताटे-वाट्या चांदीच्या असत. उपासनेची शिस्त कडक होती आणि अन्नाची समृद्धी डोळ्यांत भरणारी होती. परंतु भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी त्या पंगतीचा संबंध किती होता? हेन्री लॉर्ड या पाद्र्याने शेजारच्या हिंदू व पारशी लोकांच्या धर्माची चौकशी करून १६३० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, हे खरे. आणि तो त्याच्या जिज्ञासेचा गौरवच आहे. मात्र चौकशी करणे ही एक गोष्ट आणि शेजारधर्म ही दुसरी गोष्ट होय.

या पुरुषांच्या वखारीत १६१७ साली एक अनपेक्षित प्रसंग घडला. त्या वर्षी आलेल्या जहाजांतून काही स्त्रिया सुरतेस उतरल्या. त्यांतील एक कॅप्टन टॉवर्सनची पत्नी होती. ही मूळची आग्र्याची आर्मेनियन ख्रिस्ती स्त्री. बादशहा जहांगीराच्या इच्छेने पूर्वी तिचा विवाह हॉकिन्सशी झाला होता, आणि तो मायदेशी परतताना वारल्यावर तिने टॉवर्सनशी विवाह केला होता. तिच्यासोबत मिसेस हडसन नावाची एक स्त्री आणि फ्रान्सिस वेब नावाची एक तरुणी होती. या तरुणीने वाटेतच रिचर्ड स्टील या व्यापाऱ्याशी गुपचूप लग्न लावले होते आणि ती गरोदर होती. राजदूत सर टॉमस रो याला हे मुळीच रुचले नाही. वखारीत बायकामुलांना जागा नाही, असे त्याचे मत होते. परंतु मूल जन्मास यायचे ते आलेच. हिंदुस्थानात जन्मलेले हे बहुधा पहिले इंग्रज बालक असावे. पहिले इंग्रज कुटुंब या भूमीवर आले ते असे, कंपनीच्या मर्जीविरुद्ध, आणि त्याची वाट मोकळी करणारी स्त्री आर्मेनियन होती. परकेपणाच्या रेषा आपण समजतो तितक्या सरळ नसतात, हे यावरून ध्यानी येते.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की १६६४ चा जानेवारी आठवतो. शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीत सर जॉर्ज ऑक्झेंडन याने वखारीचे रक्षण केले, ही गोष्ट इंग्रजांनी अभिमानाने सांगितली. आम्हांस मात्र दुसऱ्याच एका घराची गोष्ट अधिक मोलाची वाटते. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की, कॅपुचिन संन्यासी फादर आंब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, कारण फिरंगी पाद्री ही भली माणसे आहेत असे त्यांचे मत झाले होते. एका परक्याच्या घराला वखारीच्या बंदुकांनी वाचविले आणि दुसऱ्याच्या घराला त्याच्या लौकिकाने, असा भेद येथे दिसतो. मंडळीच्या इतिहासात हा भेद पुन्हा पुन्हा समोर येतो.

सुरतेतील जुन्या इंग्रज दफनभूमीत आजही ऑक्झेंडन बंधूंची भव्य कबर उभी आहे. क्रिस्टोफर १६५९ साली आणि सर जॉर्ज १६६९ साली वारला. घुमट, कमानी आणि खांब यांनी सजलेली ही वास्तू मुसलमानी थडग्यांशी स्पर्धा करण्यासाठीच बांधली असावी असे वाटते. ती पाहताना उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आयुष्यभर वचनदत्त देशात तंबूंत राहिलेल्या अब्राहामाने त्या देशात जी पहिली जमीन विकत घेतली, ती सारेच्या पुरण्यासाठी होती. हेथी लोकांपुढे तो स्वतःला परका व उपरी म्हणवतो, नम्रतेने वाकतो, आणि मकपेलाच्या शेताची पुरती किंमत मोजतो. परक्या देशात मनुष्याचे नाते जमिनीशी कित्येकदा कबरेमुळे जडते. परंतु अब्राहाम वाकला होता. ऑक्झेंडन यांची कबर वाकत नाही.

यानंतरचे शतक-दीडशतक आम्ही ओलांडून जातो. १८०० साली सुरतेचा सर्व कारभार कंपनीच्या हाती गेला. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली, आणि १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायव्ही सुरतेस आले. स्किनर १८२१ साली निवर्तले. फायव्ही तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. या मिशनने शाळा काढल्या, छापखाना उभारला, आणि १८२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच संपूर्ण पवित्र शास्त्र गुजराती भाषेत छापून दिले. १८३७ साली सुरतेवर मोठी आग व त्यामागोमाग महापूर अशी दुहेरी आपत्ती कोसळली, तेव्हाही हे मिशन शहरात होते.

अशा घराचा दिवस साधारणतः कसा जाई? उन्हे चढण्यापूर्वी फिरणे वा बाजारातील प्रवचन, मग कुटुंबाची प्रार्थना, आणि न्याहारीनंतर मुनशीबरोबर भाषेचा अभ्यास. दुपारी पंखा ओढणाऱ्याच्या दोरीची करकर ऐकत भाषांतराची पाने तपासायची. पाणी भिस्ती आणी, कपडे धोबी नेई, स्वयंपाक खानसाम्याकडे असे आणि मुले आयेच्या कडेवर वाढत. इतके नोकर हा नुसता डौल नव्हता. ज्याचे काम त्यानेच करायचे, दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, ही जातिव्यवस्थेची रीत घराच्या उंबऱ्याच्या आतही चालू राही. हिवाळ्यात तंबू घेऊन खेडोपाडी फिरती असे. पावसाळ्यात वाटा बंद होत आणि ताप घरात शिरे. विलायतेहून पत्र येण्यास केप ऑफ गुड होपच्या वळशाने महिनेच्या महिने लागत. सुएझमार्गे टपाल सुरू झाल्यावर ही मुदत कमी झाली, आणि १८६४ साली लोहमार्गाने सुरत मुंबईशी जोडली गेली. परंतु या घरातील सर्वांत कठीण दिवस टपालाचा नव्हता. मुलांना मायदेशी पाठवण्याचा होता. मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला विलायतेस धाडायचे, असा प्रघात पडला होता. अशा मुलांसाठीच वॉल्थमस्टो येथे १८३८ साली मुलींची आणि १८४२ साली मुलांची शाळा निघाली. वखारीतील व्यापाऱ्याने पत्नी मागे ठेवली होती. मिशनरी दांपत्याने लेकरे पुढे पाठविली. वियोगाचा कर दोघांनाही चुकला नाही.

या सर्वांत पत्नीचा वाटा केवढा होता, हे मिशनच्या वार्षिक अहवालांवरून कळणार नाही. त्यांत ती बहुधा पतीच्या नावामागे उभी असते. अपवाद म्हणून मुंबईच्या मार्गारेट विल्सन यांचे उदाहरण घेता येईल. १८२९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्यासह त्या मुंबईस आल्या, मराठी शिकल्या आणि मुलींच्या शाळा काढून त्यांनी त्या स्वतः चालविल्या. १८३५ च्या आरंभी डॉ. विल्सन सुरत, बडोदे व काठेवाड या दूरच्या दौऱ्यावर होते. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे शिलालेख त्यांनी पाहिले ते याच प्रवासात. विद्वानांच्या जगात या दौऱ्याचे नाव झाले. त्या अवधीत मुंबईच्या घराचा व शाळांचा भार ज्या माउलीने वाहिला, ती त्याच वर्षी १९ एप्रिलला निवर्तली. गिरनारच्या शिळेची कीर्ती आणि मुंबईतील ही कबर एकाच वर्षाच्या पानावर आहेत. आपण मात्र त्यांतील एकच गोष्ट पाठ केली.

विल्सन यांच्याच आग्रहाने आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने काठेवाडाकडे दृष्टी वळविली. १८४० साली त्या मंडळीची जनरल असेंब्ली स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर केर हे सपत्नीक निघाले. १८४१ साली ते पोहोचले, आणि त्याच वर्षी केर तापाने वारले. तरीही मिशन थांबले नाही. १८४६-४७ च्या सुमारास लंडन मिशनने सुरतेचे कार्य या आयरिश बंधूंकडे सोपविले. ही वर्षे वाचकांनी ध्यानात घ्यावीत. बटाट्याच्या पिकावरील रोगाने आयर्लंडात १८४५ पासून भीषण दुष्काळ पडला होता. स्वतःच्या घरात भाकरीची वाण असताना त्या लोकांनी तापीकाठच्या एका घराचा भार उचलला. यात काहींना अविवेक दिसेल; आम्हांस विधवेच्या दोन टोल्या आठवतात. पुढे १८९९-१९०० च्या 'छप्पनिया' दुष्काळात गुजरातेत माणसे मरू लागली, तेव्हा याच मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. भुकेची ओळख असलेल्या मंडळीचे हे घर होते.

एका कुटुंबाची हकीकत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तिचे एक टोक आपल्या बेळगावात आहे. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावास आले आणि तेथे त्यांनी कार्य आरंभिले. त्याच वर्षी बळ्ळारी येथे जन्मलेले त्यांचे पुत्र जोसेफ व्हॅन सोमरन टेलर हे पुढे बडोदे व बोरसद येथे मिशनरी झाले. गुजराती भाषेचे त्यांचे व्याकरण १८६७ साली प्रसिद्ध झाले आणि फार काळ प्रमाण मानले गेले. 'काव्यार्पण' या गीतसंग्रहाने गुजराती मंडळीच्या मुखी उपासनेचे शब्द दिले. १८८१ साली एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज टेलर हेही गुजरातेत मिशनरी होते, आणि सुरतेच्या टांकसाळीतील नाण्यांवर त्यांनी केलेला अभ्यास आजही नाणकशास्त्रज्ञ विचारात घेतात. तीन पिढ्या या भूमीवर राबल्या. अशा कुटुंबाचे 'घर' कोठे होते? बळ्ळारीत जन्मलेल्या आणि गुजरातीचे व्याकरण रचणाऱ्या मनुष्याला आपण परका म्हणावे काय? आणि स्कॉटलंडात जाऊन डोळे मिटणाऱ्याला आपला म्हणावे काय? आमच्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. त्याला दोन्हीकडे पाहुण्यासारखे राहावे लागले, आणि इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने विश्वासाच्या माणसांचे जे लक्षण सांगितले आहे ते हेच.

तथापि गुणगान करून थांबणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. या घरांत एक उणीव होती, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिशनचा बंगला बहुधा वस्तीपासून निराळा, आवाराच्या भिंतीत असे. त्यात राहणारा मनुष्य राज्यकर्त्यांच्या वर्णाचा होता. त्याने इच्छिले वा न इच्छिले, कलेक्टरच्या बंगल्याची सावली त्याच्या ओसरीवर पडे. ज्या मुनशीने भाषा शिकविली, ज्या आयेने लेकरे वाढविली, ज्या खानसाम्याने वर्षानुवर्षे अन्न शिजविले, त्यांची स्वतःची अशी साक्ष आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचलेलीच नाही. त्या घराविषयी आपण जे जाणतो ते घरमालकाच्या लेखणीतून. आयेला त्या मुलाच्या जहाजावर चढण्याच्या दिवशी काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण तिनेही एक लेकरू गमावले होते, हे आपण विसरू नये.

परंतु याच घरांनी एक गोष्ट अशी केली, जी वखारीने कधी केली नव्हती. १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात खळबळ उडाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या दिवसांत डॉ. विल्सन यांचे घर त्यांना आश्रय होते. ज्याला त्याच्या माणसांनी दूर लोटले, त्याला निवारा, पान आणि पंगतीत जागा मिळाली. पंगतीतील ती जागा ही लहानसहान गोष्ट नव्हती. जेथे कोणी कोणाच्या हातचे खावे यावर समाजाची सारी रचना उभी होती, तेथे एका मेजावर बसणे हेच एक प्रवचन होते. अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरातील मंडळीला पौल सलाम सांगतो, तो याचसाठी. मंडळी प्रथम मंदिरात नव्हे, घरात जन्मली.

म्हणून त्या घरांचा वारसा दुहेरी आहे. त्यांत आवाराची भिंत आहे आणि उघडे दारही आहे. १९७० साली उत्तर भारतीय मंडळी अस्तित्वात आली, तीत गुजरातेतील आयरिश मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही सामील झाल्या. मिशनऱ्यांचे बंगले, आवारे व दफनभूमी यांचा वारसा ठिकठिकाणी देशी मंडळीकडे आला. जमिनीच्या कागदांवरून आपण पुष्कळ भांडलो. त्या घरांतील भिंत आपण घेतली की दार, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारला.

आज तो विचारण्याची वेळ आली आहे, आणि तीही तापीच्याच काठी. पोटापाण्यासाठी खानदेशातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून हजारो मराठी कुटुंबे सुरतेस आली आहेत. उधना, लिंबायत या भागांत मराठी भाषा रस्त्यावर ऐकू येते. त्यांत कामगार आहेत, निरनिराळ्या धर्मांचे लोक आहेत आणि ख्रिस्ती घरेही आहेत. त्यांची मुले शाळेत गुजराती शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि गावाकडच्या आजीला फोन करण्याचा एक वार ठरलेला असतो. मांडेल्स्लोने पाहिलेला शुक्रवार असा पुन्हा उगवला आहे. फक्त परके आता आपण आहोत. आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण तर समुद्रापलीकडेही घरे थाटीत आहेत.

बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने जे पत्र पाठविले, त्यात त्याने घरे बांधण्यास, बागा लावण्यास आणि ज्या नगरात आपण आहोत त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. परक्या नगरात राहण्याची याहून चांगली रीत आजवर कोणी सांगितलेली नाही. सुरतेच्या वखारीने घर बांधले, पण तिची दृष्टी जहाजावर होती. मिशनच्या घरांनी बाग लावली, आणि तिच्यात आपली लेकरे पुरलीही. आता पाळी आपली आहे. कामरेजच्या पुलावरून दिवसरात्र गाड्या जातात. त्यांतून कोणी अनोळखी कुटुंब ट्रंका घेऊन उतरले, तर त्याला पंगतीत बसविण्यासाठी आपल्या घरात जागा आहे काय, एवढेच त्या जुन्या घरांचे आपल्याला विचारणे आहे.